लाइट जाण्याआधीची रेघ

उत्कर्षाबद्दल लिहायला बसलो खरा, पण मला तिची माहिती किती? नांदेडकडची होती, एवढंच. वडिलांचं नाव आठवायला आज भाड्याचा कागद काढावा लागला. दोन वर्षं ती जांबे गावात आमच्या वरच्या खोलीत राहिली आणि मी तिच्याशी मोजकंच बोललो. मला बोलायला सुचत नाही. लिहिण्याचं तर सोडाच.

नोकरी हिंजवडीत. तिचं काम काय, ते ती माझ्या बायकोला, चंद्राबाईला, सांगत होती तेव्हा मी ओटीवरून ऐकलं. कॉम्प्युटर झोपला की त्याचे सगळे भाग झोपतात. जागा झाला की प्रत्येक भाग पुन्हा होता तसा करायचा. चालू होता तो चालू, बंद होता तो बंद.

"म्हंजी पोरं उठवायची," चंद्राबाई म्हणाली.

"हो काकू. पण माझी उठत नाहीत."

झाकण मिटून झोपवलेला कॉम्प्युटर जागा व्हायचा, पडदा उजळायचा, पण कीबोर्ड मेलेला. दोन आठवडे तिला चूक सापडत नव्हती. मंगळवारपर्यंत सापडली नाही तर नोकरीत कायम करणार नव्हते. जेवणावरची तिची वासनाच उडाली होती.

साल २००६. विहीर माझी आणि धाकट्या भावाची, बहिरूची, सामाईक; तिच्यावर चार मोटारी. लोडशेडिंग संपल्यावर चारही एकदम सुरू केल्या तर खांबावरच्या डीपीचा फ्यूज उडायचा. म्हणून लाइट जायच्या आधी, चालू असलेल्या मोटारीच्या स्टार्टरवर खडूनं रेघ मारायची. लाइट आल्यावर रेघेच्या तेवढ्याच मोटारी एकेक करून सुरू करायच्या.

त्या मंगळवारच्या आधीच्या रविवारी हे काम बहिरूकडे होतं. दुपारी लाइट आली, पण त्यानं एकही मोटार लावली नाही. माझं कांद्याचं रोप कोरडंच राहिलं. अंगणात आमची जुंपली. उत्कर्षा जिन्यावर कॉम्प्युटर मांडीवर घेऊन बसली होती.

"एक बी रेघ न्हवती दादा, मग कशाला चालू करू?"

"रेघा मारायला कवा गेलतास?"

"लाइट गेल्यावर. आदी जेवत हुतो."

"आरं येड्या, लाइट गेल्यावर समद्या मोटारी गपच! तवा काय बघून रेघ मारणार तू?"

जिन्यावर हसू फुटलं आणि मध्येच थांबलं.

"काका, ते कधी गेले होते म्हणालात?"

"लाइट गेल्यावर. भरल्या पोटानं."

"माझंही तेच होतंय!" ती धावत वर गेली.

संध्याकाळी खाली येऊन तिनं समजावलं. झाकण मिटलं की तिचा प्रोग्राम नोंद करायला उशिरा पोचायचा. तोवर कीबोर्ड झोपलेला. नोंद 'झोपलेला' अशीच व्हायची, आणि जाग आल्यावर तो इमानानं पुन्हा झोपवला जायचा. आता नोंद आधी घेतली होती.

ती कायम झाली. बहिरू गावभर सांगत फिरला, "माझ्या चुकीनं पोरीची नोकरी ऱ्हायली!" पेढ्याचा पुडाही त्यालाच मिळाला. मला त्यातला एक मिळाला, तोही त्याच्याच हातून. पण त्यानंतर लाइट जायची वेळ झाली की ती जिन्यावरून हाक मारायची, "काका, रेघा?" मी नुसती मान हलवायचो.

आता ती विहीर बुजवली आहे. तिथं गाड्या लागतात.

दोन हजार आठमध्ये कंपनीनं उत्कर्षाला बंगळूरला पाठवलं. सामान टेम्पोत चढलं तेव्हा लाइट गेलेली होती.

"काका, वरच्या पंख्याचं बटण चालूच राहिलं वाटतं. लाइट आली की फिरत बसेल."

"फिरू दे. बघतो मी."