खालच्या आवाजाची बाई

धाकटीला ते गाणं अख्खं कधी येतच नव्हतं. हे तिच्या ध्यानात आलं ते वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, इस्पितळाच्या चौथ्या मजल्यावर, थोरल्या बहिणीच्या खाटेशी उभं राहून तोंड उघडल्यावर.

तसं तीस वर्षं ती तेच गात होती. कपडे धुण्याच्या मोठ्या कारखान्यात दोघी बहिणी चादरींच्या घड्या घालायच्या. इस्त्रीच्या गरम रुळांतून चादर बाहेर पडली की एक टोक थोरलीकडे, एक धाकटीकडे. ताणायची, झटकायची, चालत जवळ यायचं, कोपऱ्याला कोपरा लावायचा. दर गुरुवारी पाळी सुटली की जेवणाच्या खोलीत टेबलं भिंतीला सरकवून कामगारांचं गाणं चालायचं. शिकवायचे ते मास्तर म्हणजे कारखान्याच्याच बॉयलरवरचे. त्यांनी थोरलीला वरचा आवाज दिला, धाकटीला खालचा.

“हे बघा,” मास्तर चादरीची कड चिमटीत धरून सांगायचे, “एक सूत लांबच लांब चाललंय, ती चाल. घरी जाताना गुणगुणता ना, ती. त्याच वेळी खालून दुसरं सूत तिला धरून चाललं की झाला मेळ. आणि सुतं किती, वर कोण, खाली कोण, कुठे दाट, कुठे विरळ, ती वीण. नुसत्या एका सुताला कुणी कापड म्हणत नाही.”

“म्हणजे आम्ही आडवं सूत,” धाकटी म्हणायची.

“तू अस्तर गं,” थोरली म्हणायची. “अस्तर कुणी बघत नाही. नसलं की मात्र सगळं टोचतं.”

खोलीभर हसू व्हायचं. धाकटीही हसायची. एकदा थोरलीचा घसा बसला तेव्हा धाकटीने मास्तरांना विचारून वरचा आवाज घ्यायचा प्रयत्न केला होता. थोरली दारात हाताची घडी घालून ऐकत राहिली आणि नंतर एवढंच म्हणाली, “तू खालीच बरी.” धाकटीने कानाला खडा लावला. पुढे मास्तर गेले, गाणं बंद पडलं. त्यांनी स्वतः रचलेली गाणी होती ती, कागदावर कधी उतरवली नाहीत. घड्या घालताना दोघींच्या तोंडात तेवढं एक राहिलं होतं.

पाच आठवड्यांपूर्वी थोरली रुळांपाशीच कोसळली. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. मागे राहिला एकच शब्द: ना. भूक लागली? ना. दुखतंय? ना. मला ओळखलंस का गं, ताई? “ना,” आणि डावा हात धाकटीच्या गालावर.

वाचा परत यावी म्हणून एक बाई रोज यायच्या. वॉर्डात त्यांना ‘बोलकी बाई’ म्हणत, कारण पेशंट गप्प आणि ह्या अखंड चालू. त्यांनीच मार्ग सांगितला. “बोलायची जागा दुखावली तरी गाण्याची कधी कधी शाबूत असते. ओळखीचं गाणं, ओळखीच्या आवाजात म्हणा. शब्द त्याला धरून बाहेर येतात. रेडिओ लावून बघितला मी, त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.”

डॉक्टरांनी मुदत दिली शुक्रवारची. शुक्रवारी ‘ना’शिवाय काही निघालं तर पेशंट इथेच, उपचार चालू. नाहीतर गावाबाहेरच्या शुश्रूषागृहात. धाकटी तिथे जाऊन बघून आली होती. दोन बस बदलून जायचं. एका खोलीत आठ खाटा, स्वच्छ, शांत. भलतीच शांत. “इथे बोलायला शिकवतात का?” तिने विचारलं. तिथली परिचारिका वाईट नव्हती. तिने खरं ते सांगितलं. “इथे सांभाळतात.” घरी नेणंही शक्य नव्हतं. तिसरा मजला, एक खोली, आणि धाकटी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत चादरींत.

सोमवारी ती खाटेशी उभी राहिली. गाणं कानात लख्ख होतं. सुरुवातीचे शब्द, थोरलीच्या चालीतले, तिने उचलले: “थांब जरा खिडकीपाशी...” ‘थांब’ बरोबर आलं. ‘जरा’ला गळा घसरला. ‘खिडकीपाशी’ येईतो ती आपल्या रोजच्या जागेवर जाऊन बसली होती, खालच्या त्या दोन सुरांत, जिथे चढ नाही, उतार नाही. चाल गायला जावं आणि गळ्याने सवयीचाच जिना उतरावा, असं. थोरली बघत राहिली.

शेजारच्या खाटेवरच्या म्हातारबाई म्हणाल्या, “बाई, गाणं म्हणतेस की पंखा फिरवतेस?”

मंगळवारी तिने जिन्यात सराव केला. बुधवारी रुळांच्या आवाजात ओरडून बघितलं, तर मुकादमीण जवळ आली. तीही पूर्वी गुरुवारच्या गाण्यातली, पण धाकटीच्याच ओळीतली. दोघींनी मिळून चाल जुळवायला घेतली आणि दोघी मिळून खालीच उतरल्या.

“आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?” मुकादमीण डोळे पुसत म्हणाली. हसून पाणी आलं होतं की कशाने, कोण जाणे.

गुरुवारी धाकटीचा तोल गेला. सातव्यांदा घसरल्यावर तिने खाटेची कड धरली. “तूच कधी वर येऊ दिलं नाहीस मला! खालीच बरी, खालीच बरी! आता बस त्या आठ खाटांत. मी काय करू, सांग की!”

“ना,” थोरली म्हणाली. “ना, ना, ना.” तिच्या एका डोळ्यातून पाणी कानापर्यंत गेलं. ते पुसायला धाकटीला रुमाल सापडेना. तिने पदरानेच पुसलं आणि तिथेच डोकं टेकलं.

शुक्रवारी डॉक्टर फाइल घेऊन पायथ्याशी उभे राहिले, शेजारी बोलकी बाई, पहिल्यांदाच गप्प. धाकटीने सुरू केलं. घसरली. पुन्हा केलं. पुन्हा घसरली. तिसऱ्यांदा आवाजच फुटला नाही.

“मावशी, राहू द्या आता,” डॉक्टर हळूच म्हणाले. त्यांनी खिशातून पेन काढलं.

परिचारिकेने बदलायला आणलेली चादर खुर्चीवर चुरगळून पडली होती. धाकटीला तिथे उभं राहवेना, डॉक्टरांच्या पेनाकडे बघवेना. तिने चादर उचलली, काहीतरी हातात हवं म्हणून. झटकली. दोन कोपरे स्वतःकडे घेतले, तिसरा थोरलीच्या डाव्या हातात दिला. थोरलीची बोटं मिटली. चौथा कोपरा फरशीवर लोंबत राहिला. धाकटीने चादर ताणली, आणि ताण बसताच तिच्या गळ्यातून आपोआप तो सूर निघाला, शब्द नसलेला, नुसता ‘ऊं’.

हा सूर तिने चार दिवस गाळला होता. ती त्याला गाणं समजतच नव्हती. मास्तर ओरडायचे, “खालच्यांनी आधी! दार तुम्ही उघडायचं. चार मोजून होईपर्यंत वरच्यांनी तोंड उघडायचं नाही!” तीस वर्षं त्या सुराशिवाय थोरलीने एकदाही सुरुवात केली नव्हती. आणि धाकटी हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागली होती.

एक. दोन. तीन. चार.

“थांब जरा खिडकीपाशी,” थोरली गायली. आवाज चिरका, एका बाजूने लोंबता, पण चाल जिथल्या तिथे. “ऊन आत येऊ दे.”

म्हातारबाई उठून बसल्या. डॉक्टरांचं पेन थांबलं. “पुन्हा म्हणा बरं.” पुन्हा झालं, शब्दन् शब्द.

“तुमचं नाव काय?” त्यांनी थोरलीला विचारलं.

“ना.”

बोलक्या बाईंनी धाकटीला खूण केली. धाकटीने खालचा सूर धरला, बाईंनी थोरलीच्या कानाशी त्याच चालीत दोन शब्द म्हटले. थोरलीने ओठ जमवले. “पाणी दे,” ती गायली. धाकटी थांबली तशी तीही थांबली. मग बाईंनी न गाता विचारलं, पाणी हवं? “ना.”

“तीन आठवडे देतो,” डॉक्टर म्हणाले. “पण दरवेळी तुमचा सूर लागणार?”

“सध्या तरी,” बोलक्या बाई म्हणाल्या. “पुढे कदाचित सुटेल. कदाचित नाही.”

धाकटीने हिशेब केला नाही, तरी तो झालाच. सकाळी सहाला पाळी. सूर घेऊन ती रुळांपाशी, आणि इथे घसा कोरडा पडलेली थोरली.

सगळे पुढच्या खाटेकडे वळले. थोरलीने चादरीला हिसका दिला. पुन्हा. धाकटीने सूर धरला. थोरली गायला लागली, ओळीमागून ओळ, जणू पाच आठवड्यांचं साचलेलं एकदम सांडत होती, आणि धाकटीचा श्वास संपत आला. मास्तरांची शिकवण होती, सगळ्यांनी एकदम श्वास घ्यायचा नाही. शेजारणीने सूर धरावा, आपण श्वास चोरून घ्यावा, म्हणजे धागा तुटत नाही. इथे शेजारी सूर धरणारं कुणी नव्हतं. छाती जळायला लागली, डोळ्यांपुढे ठिपके आले. ती धरता येईल तितकं धरून राहिली.

मग सूर तुटला. थोरलीचं तोंड उघडंच राहिलं, शब्द अर्धा, डोळे धाकटीवर.

“थांब गं, ताई,” धाकटी धापा टाकत म्हणाली. “श्वास घेऊ दे एवढा.”

“ना,” थोरली म्हणाली आणि चादरीचा कोपरा ओढला.