अंपायरला न दिसलेला झेल

इथे दक्षिण गोलार्धात डिसेंबरात उन्हाळा असतो; त्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशी आमच्या पापाकुरा गावच्या मैदानावर आमची मराठी मंडळी शेजाऱ्यांशी बेसबॉल खेळतात. दिवे लावायचे नाहीत, उजेड सरेपर्यंत खेळायचं, आणि अंपायरला जो चेंडू दिसला नाही तो टाकलाच नाही असं धरायचं, एवढाच नियम. अंपायर कायम गुरुदत्त. आयटीतला मॅनेजर, मैदानावरही मीटिंग घेतल्यासारखा बोलतो.

मृणालिनी माझी शेजारीण. जळगावला कॉलेजात असताना विद्यापीठाकडून सॉफ्टबॉल खेळलेली. इथे आल्यापासून दर वर्षी एकच मागायची, "मला एकदा उतरू द्या." आणि दर वर्षी गुरुदत्त हसून म्हणायचा, "वहिनी, मग पोहे कोण करणार?" बायकांचं कौतुक करायची ही जी गोड तऱ्हा आहे ना, तिची मला शिसारी येते.

२०१६ साली ऐन खेळात तिच्या नवऱ्याचा, शिरीषचा, पाय मुरगळला. बदली गडी नव्हता, तेव्हा कुठे साहेबांनी तिला लांब कुंपणाजवळ उभं केलं. "तिकडे चेंडू येत नाही, वहिनी. एन्जॉय करा." शिरीष बर्फ लावत बसला होता. बायकोच्या बाजूनं त्याच्या तोंडून चकार शब्द निघाला नाही. धन्य तो नवरा!

सूर्य मावळला होता, पण चांगलं दिसत होतं. समोरच्यांचा शेवटचा गडी विरेमू. तो आऊट झाला की आम्ही जिंकलो. त्यानं चेंडू उंच उडवला. मृणालिनी मागे धावली, वळली आणि कुंपणाला पाठ टेकता टेकता तिनं झेल घेतला. मी किंचाळलेच. विरेमूनं स्वतः बॅट टाकली. "आय'म आऊट, मेट! व्हॉट अ कॅच!"

गुरुदत्तनं मान हलवली. "मला चेंडू दिसला नाही. उजेड सरला. मॅच ड्रॉ."

बाईच्या झेलावर मॅच जिंकण्यापेक्षा न जिंकलेली बरी! आणि बाकीचे? आत्ता टाळ्या पिटणारे आमचेच गडी माना डोलवायला लागले, "रूल इज रूल."

मृणालिनी चेंडू धरून तशीच उभी होती. तेवढ्यात गुरुदत्त जागेवरूनच ओरडला, "वहिनी, येताना माझी जँडल आणा हं! पोरांनी फेकलीये. तुमच्या डावीकडे, कुंपणाखाली, निळ्या पट्ट्याची!"

तिनं वाकून ती रबरी चप्पल उचलली, हात मागे नेला आणि कुंपणापलीकडे लांब भिरकावली.

"कुठली जँडल?" ती ओरडली. "मला नाही दिसली."