चार नंबरची बनियन

हणमंतू गेल्याची बातमी मला शाळेच्या मैदानावर कळली आणि मी काय केलं, तर शिट्टी वाजवून मुलांचा खेळ पुढे चालू केला. निरोप आणणारा शिपाई म्हणाला, "सर, तुमच्यासंगं खोखो खेळायचा की... कमठाण्याचा. खडी फोडताना पायात कपची गेली, धनुर्वात झाला." मी नुसता "व्हय" म्हणालो. याला आता महिना होईल. महिनाभर मी त्याच्याविषयी चार चांगले शब्द लिहायला बसतो आणि कागद फाडतो, कारण त्याच्याविषयी चांगलं लिहायचं तर माझ्याविषयी वाईट लिहावं लागतं. शेवटी म्हटलं, लिहू.

पोलीस कारवाईनंतर कित्येक महिन्यांनी आमची भालकीची शाळा उघडली, तेव्हा वर्गातले निम्मे बाक रिकामे होते. कुणाचं घर आधी रझाकारांनी जाळलं होतं, कुणाचं नंतर दुसऱ्यांनी. मुलं एकमेकांशी बोलत नसत. ड्रिलच्या कादर मास्तरांच्या घरातली दोन माणसं त्या गदारोळात गेली ती परत आलीच नव्हती. त्याच मास्तरांनी एक दिवस आम्हाला मैदानावर नेऊन रांगेत उकिडवं बसवलं आणि खोखो सुरू केला. चौथ्या जागेवर हणमंतू बसायचा. तो गावकुसाबाहेरच्या वस्तीतला. खेळाडू म्हणून मास्तरांनीच त्याला वसतिगृहात जागा मिळवून दिली होती. संघातून नाव गेलं की जागाही जाणार, हे त्याला ठाऊक होतं आणि आम्हालाही. जेवायला तो लांब बसे, खेळायला आमच्यात. सुरुवातीला आम्ही त्याच्या मागे जाऊन नुसतंच "खो" ओरडायचो. मास्तर खेकसायचे, "अरे, खो मुँह से नहीं, हाथ से देते!" पाठीला हात लागल्याशिवाय खो होत नाही, हा खेळाचाच नियम. मग आम्ही हात लावू लागलो. खरं सांगतो, त्या वर्षी मी कुठे हसलो असेन तर त्या मैदानावर. मात्र घरी जाण्याआधी आम्ही सगळे विहिरीवर हात धुवायचो. हणमंतू लांब उभा राहून आमचं हात धुणं संपायची वाट बघायचा, कारण त्याच्या ओंजळीत पाणी आम्हीच वरून ओतायचो.

बिदरच्या शाळेशी सामना ठरला तो नेमका बाजाराच्या दिवशी. सारा बाजार मैदानाच्या कडेला लोटला. पुढच्या रांगेत आमचे अप्पा, तुरीच्या अडतीतली मंडळी घेऊन. शेवटचा डाव, त्यांचा शेवटचा गडी, आणि तो पार दमलेला. पाठलागावर मी होतो. गडी चौथ्या जागेपाशी वळला. आता हणमंतूला खो मिळाला की दोन ढांगांत तो गडी धरणार, हे शेंबड्या पोरालाही दिसत होतं. मी हात उचलला. समोर अप्पा दिसले... हात हवेतच राहिला. तोंडातून मात्र "खो" निघून गेला. हणमंतू उठला, त्याने गडी धरलाही. पंचांनी फाउलची शिट्टी दिली, तेवढ्यात वेळ संपली आणि आम्ही हरलो.

"काय झालं?" मास्तरांनी विचारलं. मी म्हणालो, "मी हात लावायच्या आधीच ह्यो उठला, मास्तर." मास्तर चार हातांवर उभे होते, त्यांनी सगळं पाहिलं होतं. पण त्या दिवसांत अप्पांच्या मुलाला भर बाजारात खोटारडा म्हणायची त्यांची छाती नव्हती. ते हणमंतूकडे वळले. "क्यों रे?" हणमंतूने एकदा अप्पांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "व्हय मास्तर. माजीच चूक." पुढच्या आठवड्यात चौथ्या जागेवर दुसरा मुलगा बसला, आणि हणमंतू गाठोडं घेऊन कमठाण्याच्या वाटेला लागला.

दोन वर्षांपूर्वी तो मला उदगीरच्या रस्त्यावर दिसला, रस्त्याकडे पाठ करून खडी फोडताना. तोवर मी त्याच शाळेत ड्रिल मास्तर झालो होतो. खेळानं माणसं जोडली जातात, असं बक्षीस समारंभात बोलतही होतो. सायकलवरून उतरून मी विचारलं, "त्या दिवशी खरं कामून बोलला न्हाईस?" त्याचा हातोडा थांबला नाही. "खरं बोललो असतो तर तुमी रोज मला हात लावता हे बी भर बाजारात निघालं असतं. तुमच्या अप्पांनी तुमाला बी शाळेतून काडलं असतं, मालक. माजं तर जाणारच होतं. मग दोघांचं कामून घालवायचं?" शाळेत तो मला अरेतुरे करायचा. त्या 'मालक'वर मी सायकल फिरवली आणि निघालो.

कमठाण्याला गेलो तेव्हा त्याचे दिवस उलटून गेले होते. त्याची आई दारात बसली होती. "पाठ लई दुखायलीय म्हणायचा. चोळून चोळून माजे हात गेले," म्हणाली. मग उठून तिने खुंटीवरची बनियन काढली. आमच्या संघाची, पाठीवर मास्तरांनी डांबराने रंगवलेला चार. "शाळंची हाय. परत द्यायची ऱ्हायली म्हणायचा. तेवढी भरा." तिने ती माझ्या हातात दिली नाही. जमिनीवर ठेवली आणि मागे सरकली. मी वाकून उचलली. तिच्या हातातून घ्यावी, हे मला परतीच्या बसमध्ये बसल्यावर सुचलं.

बनियन मी अजून शाळेत जमा केलेली नाही. ड्रिलच्या खोलीत खुंटीला लावली आहे, चार दिसेल अशी. मुलं मैदानावर गेली की मी दार लोटून घेतो आणि त्या चारवर तळहात ठेवतो. अगदी सहज ठेवता येतो. कुणी बघत नसतं ना.