फझचा खरखरीत आवाज

नव्वदच्या दशकात मी कॉलेजच्या बँडमध्ये इलेक्ट्रिक गिटार वाजवायचे. गिटारचा आवाज स्वच्छ, गोड आणि माझ्या मते अगदीच मिळमिळीत होता. मला हवा होता कॅसेटवर ऐकलेला आवाज, जाड, खरखरीत, तारेला केस फुटल्यासारखा. तो फझ नावाच्या पेडलमधून निघतो. गिटार आणि स्पीकर यांच्यामध्ये ते जोडायचं आणि पायाने खटका दाबायचा. बंगळुरात ते कुठे मिळेना.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, इलेक्ट्रॉनिक्स शिकत होती. तिला सांगितलं.

"म्हणजे आवाज मुद्दाम बिघडवायचा?" असं म्हणाली खरी, पण तिचे डोळे चमकले.

चिकपेटजवळच्या दुकानांतून ट्रान्झिस्टर आणून तिने बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात सर्किट बसवलं. बसवनगुडीच्या आमच्या घरात मी पहिली तार छेडली आणि फळीवरची भांडी थरथरली. आई धावत आली.

"काय गं, स्पीकर फुटला?"

"नाही आई," अक्का ऐटीत म्हणाली, "आत्ता कुठे बोलायला लागलाय."

कॉलेजांच्या बँड-स्पर्धेत गाण्याच्या मध्यावर मी डब्यावर पाय दिला. साउंड सांभाळणारे गृहस्थ धावत आले.

"स्पीकर होय्तम्मा!" स्पीकर गेलाच, असं समजून ते माझी वायर काढायला वाकले.

"सरी इदे, अण्णा! ठीक आहे, असाच आवाज हवाय!" मी वाजवता वाजवता ओरडले.

ते तसेच थबकले. मी शेवटचा सूर धरला आणि तो गुरगुरत कितीतरी वेळ तसाच लांबत राहिला. अण्णांनी मान हलवली, परत गेले आणि माझा आवाज आणखी वाढवला.

बक्षीस मिळालं नाही. पण जिंकलेल्या बँडचा गिटारवाला अक्काला शोधत आला, "मलाही एक करून द्याल?" अक्काने करून दिलं. मग त्याच्या मित्रांनाही.

पुढे बटण दाबताच शंभर आवाज काढणारी यंत्रं आली. मीही एक घेतलं. पण त्यातला प्रत्येक आवाज आयता होता, बोट हलकं पडलं काय आणि जड पडलं काय, फारसा फरक नाही. फझला हात कळतो. हळू छेडा, तो घोगरं कुजबुजतो. जोर लावा, अंगावर येतो.

आता मी गिटार शिकवते. सूर जरा बसले की विद्यार्थ्याला हे पेडल जोडून देते. तो आधी दचकतो, मग हसतो आणि मी काही म्हणायच्या आत तीच तार पुन्हा छेडतो.