तिच्या बाजूचं बटन

बायको गेल्यावर पाच महिने आमची व्हॅन अंगणात उभी होती. खाली कोंबड्यांनी घर केलं. मुलगा नायगावला टॉवरमध्ये राहतो. रविवारी आला की आधी गाडीकडं बघायचा, मग माझ्याकडं. एकदा म्हणालाच, "बाबा, पुढच्या रविवारी भंगारवाल्याला बोलावलंय. बंद गाडी जागा अडवून बसलीय. तुम्ही चला आता आमच्याकडं."

"आणि चालू झाली तर?"

"झाली तर ठेवा. पन नाय झाली, तर हट्ट करायचा नाय."

अकरा वर्षं त्या व्हॅनमधून आम्ही चांदीपच्या आमच्या शेतातली भाजी विरारच्या बाजारात नेली. चालवायचो मी. बाजारात बोलायची ती. मला भाव करता येत नाही, गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की माझ्या तोंडून शिवी निघते. त्यामुळं तिच्याशिवाय गाडी मी कधी काढलीच नाही. नेऊन करणार काय? पण गाडी भंगारात गेली की शेतही गेलं, हे मला कळत होतं. मग चौदाव्या मजल्यावर बसून सुनेच्या हातचा चहा प्यायचा आणि मरायची वाट बघायची.

मला वाटलं बॅटरी बसली असेल. नवी आणून लावली. हॉर्न असा वाजला की कुत्रं पळालं. लाइट लागले, सेल्फ घर्रघर्र फिरला. गाडी काही उचलेना. शनिवारी मेकॅनिकला बोलावलं. त्यानं जुनं पेट्रोल काढून नवं टाकलं, प्लग साफ केले, फ्यूज तपासले. पुन्हा तेच, घर्रघर्र.

"बॅटरी ठणठणीत आहे काका. तिला काय बोलू नका."

"मग दुखनं कुठं?"

"चावी दिली की मागून टाकीतल्या पंपाचा आवाज यायला पाहिजे. घूं करून, दोन सेकंद. येतोय का? करंटच जात नाही त्याच्यापर्यंत. वायरिंगमध्ये वेगळं काय लावलंय का? अलार्म, टेप?"

"नाय. टेप कशाला? बायको बोलायची तेवढं बस होतं."

तो हसला. मग त्याला आठवलं आणि त्यानं मान खाली घातली.

"उंदरानं वायर खाल्ली असणार," तो म्हणाला. "सगळी उघडून बघावी लागेल. दोन दिवस जातील."

दोन दिवस कुठले? उद्या रविवार. मी म्हटलं, अजून एकदा चावी देऊन बघ. तो स्टिअरिंगला बसला, म्हणून मी डावीकडं तिच्या सीटवर बसलो. अकरा वर्षांत मी त्या सीटवर कधी बसलो नव्हतो. दाराचा दांडा तिच्या हातानं घासून गुळगुळीत झालेला. माझा हात सीट आणि दाराच्या मधल्या फटीत गेला, तिथं बोटाला काहीतरी लागलं. बोट वर काढलं तर लाल. वाळलेलं कुंकू.

गावातला एक टेम्पो चोरीला गेला होता, तेव्हा तिनं हे चोरबटन बसवून घेतलं होतं. पंपाची वायर त्यातून नेलेली. उतरताना ती बंद करायची, चढताना चालू. मी म्हणायचो, "हे खटारं न्यायला चोराला वर पैसे द्यावे लागतील." ती म्हणायची, "चोर काय तुमच्यासारखा शाना नसतो." दसऱ्याला बॉनेटला कुंकू लावलं की वाकून बटनालाही लावायची. मी हसायचो. आणि मेकॅनिकनं विचारलं तर सरळ नाय म्हणून मोकळा झालो. ते माझं कामच नव्हतं कधी.

मग मला तो दिवस आठवला. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं होतं. व्हॅनमधून तिला आणलं, अंगणात थांबलो. मुलगा उचलायला आला तर तिनं त्याचा हात सारला आणि दाराच्या बाजूला वाकली. वाकवत नव्हतं, तरी वाकली. मी ओरडलो, "आता काय शोधतेस गं? जीव हाय का अंगात? उतर आधी!"

"झालं, झालं," ती म्हणाली.

नवव्या दिवशी गेली. मला आजवर वाटत होतं, तिचं काहीतरी खाली पडलं असेल.

"काका, काय सापडलं?" मेकॅनिक विचारत होता. बटन तिनं दाबलं होतं तसंच होतं. मी दाबलं की तिनं केलेलं ते शेवटचं काम पुसलं जाणार. मनात आलं, जाऊ दे भंगारात. पण तिनं बंद कशाला केलं होतं? गाडी कुणी नेऊ नये म्हणून. आणि मी उद्या स्वतःच्या हातानं देणार होतो.

दाबलं. मागून घूं झालं. दुसऱ्या झटक्याला गाडीनं उचललं, धूर ओकला, कोंबड्या उडाल्या.

"काय काका! बटन होतं नि मला नाही सांगितलं!"

"माझं नव्हतं ते," मी म्हणालो.

रविवारी मुलगा आला, चालू गाडी बघितली आणि भंगारवाल्याला येऊ नको म्हणून फोन केला.

आता मी एकटा बाजाराला जातो. भाव जमत नाही, निम्मी मेथी परत येते. गाडी लावली की पुढून वळसा घालून तिचं दार उघडतो. शेजारी बसणारी भाजीवाली परवा म्हणाली, "मामा, रोज कुनाला उतरवता? गाडीत तर कोन नसतं."

मी वाकून बटन बंद केलं. वाकताना कमरेत कळ येते. तिला त्या दिवशी किती आली असेल.