डीपीवरचा लोड

घोडेगावच्या दवाखान्यात माझा नंबर येईपर्यंत शेजारी बसलेल्या माणसाने मला हार्मोन शिकवले. पांढरी टोपी, कडक इस्त्री आणि आवाज अख्ख्या ग्रामसभेला पुरेल एवढा. थायरॉईड त्याच्या बायकोला होता, माहिती मात्र सगळी त्याच्याकडे.

"पावणं, हार्मोन म्हंजी गावची लायटीची डीपी. लोड आला की उडती, मग सगळ्या मोटारी बंद. हा लोड म्हंजी टेन्शन. त्यानं झोप जाती, पाळी बिघडती, केस गळत्यात. मोबाईलवर सगळं हाय."

"मग वहिनींना कसलं टेन्शन?"

"तिला? छ्या! काय रांधायचं, कुटं जायचं, कुणाशी बोलायचं, समदं मीच ठरवतो."

वहिनी त्याच्या पलीकडे मान खाली घालून बसल्या होत्या. सिस्टरने त्यांना विचारलं, "झोप लागते का?"

"लागती की," तो म्हणाला.

"चक्कर येते?"

"न्हाई येत," हेही तोच.

सिस्टरने वहिनींच्या दंडाला पट्टा बांधला. बीपी बरंच वाढलेलं निघालं.

"मीठ किती खाती बघा!" तो सगळ्यांदेखत खेकसला.

तेव्हा वहिनी पहिल्यांदा बोलल्या. "सिस्टर, ह्यांना जरा भाईर बसवा, मग परत मोजा."

तो कुरकुरत बाहेर गेला. थोड्या वेळाने सिस्टरने पुन्हा मोजलं, तर बीपी एकदम ठीक. ते कळल्यावर तो आत आला आणि विजयी चेहऱ्याने माझ्याकडे वळला.

"मला वाटलंच व्हतं, पावणं. ह्यांचं मशीनच बिघाडलंय!"