पारोळ्याच्या पुढे लाल पॅलिओ

खान्देशातल्या पिंप्राळ्यात येऊन दिपमाला पाटलांचं घर विचारलंत तर लोक दोन क्षण डोकं खाजवतील. पण लाल पॅलिओवाल्या ताईंचं घर विचारा, पाणीपुरीवाला हातातलं काम टाकून तुम्हाला कोपऱ्यापर्यंत सोडायला येईल. वर न विचारता हेही सांगेल की ताई म्हणजे लाख माणूस, पण त्या गाडीपायी येडी झालेली शे.

दिपमाला कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होती. वय चाळिशीच्या पुढे. लग्न केलं नव्हतं, आणि का केलं नाही असं विचारणारेही एव्हाना दमून गप्प बसले होते. घरात ती आणि तिचे वडील, झुलालआबा. आबांनी उभा जन्म एसटीचं स्टिअरिंग धरलं. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. धाकटी बहीण पुनम धुळ्याला देवपुरात दिलेली. भाऊ नाही.

ती पॅलिओ तिने जुनीच घेतली होती. एक पॉइंट सहाचं इंजिन. दिसायला घरगुती डबा, पण तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की पाठ सीटला चिकटायची आणि शेजारी बसलेल्याच्या तोंडून आपोआप देवाचं नाव यायचं. कंपनीने ही गाडी बनवणं केव्हाच बंद केलं होतं, त्यामुळे कुठलाही पार्ट सरळ दुकानातून मिळायची सोय नव्हती. कोइमतूरच्या कुणा हौशी माणसाकडून कडक स्प्रिंगा, पुण्याहून मोठ्या डिस्कचे ब्रेक, रुंद टायर, असं जमवत जमवत तिने गाडी उभी केली. दर रविवारी ड्रेसवर आबांचा जुना खाकी शर्ट चढवून ती बॉनेटखाली शिरायची. नखांतला काळा रंग सोमवारी कॉलेजातही जायचा नाही. बायका म्हणायच्या, एवढी माया लेकरावर केली असती तर. दिपमाला हसून पाना मागायची.

आता एवढं असून ह्या गाडीने तिचं नाक कापलं होतं, आणि तेही आखाजीला.

खान्देशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा सासुरवाशिणींचा सण. लेक माहेरी यायची, झोक्यावर बसायची, गौराईची गाणी म्हणायची. पण ती आपली आपण येत नाही. माहेरचा माणूस तिला घ्यायला जातो, त्याला मुराळी म्हणतात. मुराळी हा भाऊ असतो, भाऊ नसला तर बाप. आबांचे गुडघे गेल्यापासून हे काम दिपमालाने अंगावर घेतलं होतं. कुणाला विचारलं नाही, किल्ली उचलली आणि निघाली. पोरगी कधी मुराळी असते का, असं भाऊबंदकीत कुजबुजले, पण पॅलिओ वेळेवर जात-येत होती तोवर कुजबुज कुजबुजच राहिली.

गेल्या आखाजीला मात्र पुनमला आणि तिच्या लेकराला घेऊन येताना पारोळ्याजवळ गाडी उकळली. बॉनेटमधून वाफेचा लोट, वर ऊन असं की डांबर चपलेला चिकटावं. आबांनी शिकवलेली ड्रायव्हरी युक्ती म्हणून आधी एसी बंद करून, इंजिनाची उष्णता ओढून घ्यायला हीटर चालू केला होता, त्यात लेकराने ओकारी केली. शेवटी टरबुजांचा एक टेम्पो थांबला आणि पुनम लेकराला मांडीवर घेऊन टरबुजांच्या सोबतीने माहेरी आली. ही बातमी पुनमच्या आधी धुळ्याला पोचली. देवपुरातली सून टरबुजात बसून गेली! पुनमची सासू कमलबाई काही वाईट बाई नाही, पण दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. यंदा तिने चैत्र लागताच आबांना फोन केला.

"आबा, आवंदा योगेंद्रले धाडा. त्यानी गाडी नवी शे. मना नातूले माले तापाडनं नही."

योगेंद्र म्हणजे आबांच्या थोरल्या भावाचा मुलगा. त्याच्याकडे नवीकोरी मोठी गाडी होती आणि तो एका पायावर तयार होता. फोन ठेवून आबांनी गाडी विकायचंच काढलं. म्हणाले, "दिपा, आते ती गाडी इकी टाक. योगेंद्र जाई. आवंदाच नही, दरसालले तोच जाई."

"मी जासू," दिपमाला म्हणाली. "मनीच गाडी लीसन जासू."

"आनि उकळनी तं?"

"उकळनी तं दुसराच दिवस इकी टाकसू. मंग योगेंद्रले धाडा, जनमभर धाडा."

बोलून तर बसली. पण गाडी का उकळते हेच तिला कळत नव्हतं. वर्षभरात तिने काय केलं नव्हतं? दुप्पट जाडीचा रेडिएटर बसवला, एकाचे दोन पंखे केले, बोअरचं खारं पाणी काढून चांगलं कूलंट भरलं. तरी एरंडोलपर्यंत जोरात चालवून बघावं तर तेच. तापमानाचा काटा बराच वेळ तळाशी झोपून राहायचा, आणि मग एकाएकी उठून थेट लाल पट्टीकडे धावायचा. एवढं सगळं थंड करायला बसवलेलं, आणि पाणी आतच्या आत पेटल्यासारखं. तिला गाडीचा राग राग यायचा, आणि त्याहून स्वतःचा.

अजिंठा चौफुलीजवळच्या कादरभाईंच्या गॅरेजात हा उलगडा झाला, तोही अर्धा योगायोगाने. धुळ्याच्या भंगारातून कादरभाईंनी तसल्याच गाडीचं एक मोडकं इंजिन आणलं होतं, दिपमालाला एक ब्रॅकेट हवं होतं म्हणून. खोलताना त्यातून थर्मोस्टॅट निघाला. पाण्याच्या वाटेवर बसणारी ही झडप. इंजिन गार असेतो ती रेडिएटरची वाट बंद ठेवते, तापलं की उघडते. आता खान्देशातला कुठलाही ड्रायव्हर तुम्हाला सांगेल, ही झडप इथे पहिल्या दिवशी काढून फेकायची. गाडी घेतली की लिंबू-मिरची बांधावी तसं हे आपल्याकडे करतातच. दिपमालाने गाडी घेतली त्याच आठवड्यात आबांनी स्वतः उभं राहून कादरभाईंकडून ती काढवली होती. "खान्देशात कसाले पाह्यजे थर्मोस्टॅट? आठे इंजिन तापाडाले सूर्य शे ना!" असं म्हणाले होते, आणि सगळ्यांना ते पटलं होतं.

कादरभाईंनी भंगारातली झडप पुसली, उलटी केली आणि ते थबकले. तिच्या बुडाशी आणखी एक चकती होती.

"ताई, ये तो दो मुंहवाला है."

दिपमालाने ती हातात घेतली. वरची चकती उघडते तेव्हा खालची बंद होते. खालची काय बंद करते? तिने आपल्या गाडीतल्या रिकाम्या जागेत बोट घातलं. आत दोन वाटा होत्या, एक रेडिएटरकडे जाणारी आणि एक इंजिनात परत वळणारी आखूड वाट. झडपच नाही म्हटल्यावर आखूड वाट कायमची सताड उघडी. सावकाश चाललं तर निभावतं, पण जोरात पळवलं की उकळतं पाणी जवळची वाट धरणार, इंजिनातच गोल गोल फिरणार. रेडिएटर बिचारा बाहेर गार होऊन बसलेला.

"जुन्या ट्रकांना चालतं हो काढलेलं," कादरभाई म्हणाले, "इसको नहीं चलता." मग त्यांना हसू आलं. "गरमीला घाबरून निकाला, और उसी से गरम!" दिपमालाही हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. वर्षभर ती चुकीच्या दाराशी धक्के मारत होती.

नवी झडप कोइमतूरच्या माणसाने कुरिअरने धाडली. बसवण्याआधी तिने ती स्वयंपाकघरात पातेल्यात पाणी ठेवून त्यात सोडली. आबा काठी टेकत आले.

"चहाना पातेलामा लोखंड उकाळस का?"

"देखा आबा."

पाणी गरम झालं, बुडबुडे उठले आणि झडपेने सावकाश तोंड उघडलं. तिने चिमट्याने काढून गार पाण्यात टाकली, तोंड मिटलं. पुन्हा उकळत्यात, पुन्हा उघडलं. तिने आबांना दोन चकत्या, दोन वाटा, सगळं समजावून सांगितलं. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पातेलामा उघडनं म्हनीसन रस्तावर उघडी का? मी बी येस तुनासंगे." आणि मागच्या सीटवर पाण्याचे दोन कॅन नेऊन ठेवले. एसटीवाल्याचा विश्वास असा पातेल्यावर बसत नाही.

आखाजीच्या आदल्या दिवशी ती निघाली, ती भर दुपारी. सकाळी निघ म्हणून शेजाऱ्यांनी सांगितलं, योगेंद्रने सांगितलं. तिने ऐकलं नाही. सकाळच्या गारव्यात जुनी लुनासुद्धा धुळ्याला पोचते. जे काय ठरायचं ते ह्याच उन्हात ठरू दे, उगाच झाकली मूठ नको. तिने काचा वर केल्या आणि एसी लावला.

"एसी?" आबांनी तोंडावर हात ठेवला.

"एसीच."

गिरणेचा पूल गेला, पाळधी गेली. आबा रस्त्याकडे बघतच नव्हते. त्यांची नजर त्या एका काट्यावर. जो काटा इतकी वर्षं तळाशी झोपून राहायचा तो ह्या वेळी पहिल्यापासून वर चढायला लागला. पाव झाला. पावाच्या वर गेला. एरंडोलच्या अलीकडेच अर्ध्याला टेकला.

"थांब," आबा म्हणाले. "दिपा, चढी ऱ्हायना तो. बाजूले ली."

"आबा, तो इतलाच ऱ्हाई. झडप शे आते."

"मी बठ्ठी जिंदगी गाड्या चालाडी! माले शिकाडस का? थांब म्हनस ना!"

तिचा पाय क्षणभर ब्रेककडे गेला. हा आवाज तिने लहानपणापासून ऐकलेला, ह्या आवाजापुढे घरात कुणी बोललं नव्हतं. झडप नीट असली की काटा अर्ध्यावर येऊन थांबतो हे ती जाणून होती, पण खरं सांगायचं तर तिलाही भीती वाटत होती. पातेल्यातलं पातेल्यात, इथे पुढे लांबलचक तापलेला रस्ता आणि शेजारी बाप ओरडतोय. पण थांबली असती तर आबांनी बॉनेट उघडलं असतं, कॅन ओतले असते, योगेंद्रला फोन लावला असता, आणि गाडीत काही बिघडलेलं नसतानाच सगळं संपलं असतं. तिने पाय ब्रेकवरून काढला आणि खाली दाबला. पॅलिओने नाक उचललं.

आबांनी दारावरची मूठ घट्ट धरली. एरंडोल मागे गेलं. काटा अर्ध्यावर. चढाला ट्रकच्या रांगेला मागे टाकताना इंजिन गुरगुरलं, काटा एक केसभर हलला, पंखे घुर्रकन सुरू झाले आणि काटा परत अर्ध्यावर येऊन बसला. पारोळा आलं. गेल्या साली जिथे पुनमला टरबुजांत बसवलं तिथली टपरी, तिथलं निंबाचं झाड, सगळं उजव्या हाताला सरकत मागे गेलं. काटा अर्ध्यावर.

मुकटी यायच्या सुमाराला तिने बाजूला पाहिलं. आबांची मान एका अंगाला कलली होती आणि तोंड किंचित उघडं होतं. दुसरा चालवत असताना जन्मात डोळा न मिटलेला माणूस घोरत होता. तिने एसीचा वारा त्यांच्या तोंडावरून जरा बाजूला वळवला आणि चौथ्याचा पाचवा गिअर टाकला.

देवपुरात गल्लीच्या तोंडाशीच कमलबाई उभी होती. गाडीभोवती एक चक्कर मारून तिने बॉनेटवर हात ठेवला आणि चटकन काढून घेतला.

"तपेल शे ना वं!"

"भर उन्हातून आली मावशी, पत्रा तर तापणारच," दिपमाला म्हणाली. "पाणी बघा, थेंब कमी नाही."

कमलबाईने पाणी बघितलं नाही, पण एसीच्या गारव्याने अजून थंड असलेल्या आबांच्या हाताला हात लावून बघितला. ओसरीत पाय धुवायला पाणी ठेवलं. मुराळ्याला गोडाधोडाचं ताट वाढतात. शिरा, पुऱ्या, वर तुपाची धार असं भरलेलं ताट घेऊन ती आली आणि रीतीप्रमाणे आबांच्या पुढ्यात ठेवलं. दिपमालाला म्हणाली, "तू आतमा ये वं दिपा, पुनमसंगे जेव."

दिपमाला उठलीसुद्धा. गाडी पोचली, पुनम आपल्यासोबत येणार, आणखी काय हवं होतं? ताट कुणाच्या पुढे, ह्यावर भांडायला ती आली नव्हती. तरी जाता जाता तिने ताटाकडे एकदा पाहिलंच.

"ऱ्हाय," आबा म्हणाले. त्यांनी दोन्ही हातांनी ताट उचललं. ते जड होतं. दिपमाला जिथून उठली होती त्या पाटापुढे त्यांनी ते ठेवलं.

"कमलबाई, मुराळी ती शे. मी तं सोबतले उनू. वाटमा झोपी गयथू."

कमलबाई बघत राहिली. पोरीपुढे मुराळ्याचं ताट तिने आयुष्यात वाढलं नव्हतं. मग ती आत गेली आणि तुपाची वाटी घेऊन परत आली, आणि दिपमालाच्या शिऱ्यावर पुन्हा एकदा धार सोडली.

दिपमाला पाटावर बसली. नखांत काळं भरलेल्या हाताने तिने पहिला घास उचलला, आणि तो तोंडापर्यंत नेईतो तिला समोरचं काही दिसेना. मागून पुनमचं लेकरू ओरडत गेलं. पुनम स्वतः बॅग घेऊन बाहेर पडली होती, आणि कुणालाही न विचारता ती पॅलिओच्या डिक्कीत ठेवत होती.